गाणे ऐकून डोळे का भरतात?

काही तक्रारी पेशंट सरळ सांगत नाहीत. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात, पिशवी उचलून माणूस उठतो आणि मग हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, अजून एक होतं. हल्ली एखादा अभंग लागला, जुनं गाणं लागलं, की डोळ्यांत पाणीच येतं. घरचे हसतात. हे मेंदूचं वगैरे काही नाही ना?" विचारणारे बहुधा पन्नाशी-साठीचे पुरुष असतात. बायका असे क्वचितच विचारतात. त्यांच्या रडण्याला आपल्याकडे मुभा आहे. पुरुषाने रडायचे नसते असे लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे त्याला स्वतःचे अश्रूच आजारासारखे वाटू लागतात.

बहुतेकांच्या बाबतीत हा आजार नसतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र असतो, आणि तो ओळखता आला नाही तर घरातली माणसे भलताच उपाय करून बसतात. म्हणून आज या विषयावर जरा विस्ताराने लिहितो.

‘सहानुभूती’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. मानसशास्त्रात त्याच्या जवळचा, पण थोडा वेगळा शब्द आहे, ‘समानुभूती’. शेजारच्या घरी कोणी गेले आणि आपल्याला त्यांच्याबद्दल वाईट वाटले, ही सहानुभूती. त्या घरातली मुलगी बापाच्या पायाशी बसलेली दिसली, क्षणभर आपणच तिच्या जागी आहोत असे झाले आणि आपला कंठ दाटून आला, ही समानुभूती. गंमत अशी की युरोपात ही कल्पना प्रथम मांडली गेली ती कलेच्या संदर्भात. १८७३ मध्ये रॉबर्ट व्हिशर या जर्मन अभ्यासकाने ‘आइनफ्यूलुंग’, म्हणजे ‘आत शिरून अनुभवणे’, हा शब्द कलाकृती पाहणाऱ्याच्या मनाविषयी वापरला. पुढे थिओडोर लिप्स यांनी तो माणसामाणसांतील नात्याला लावला आणि १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर यांनी त्यासाठी इंग्रजीत ‘एम्पथी’ हा शब्द घडवला. म्हणजे आधी चित्राशी एकरूप होणे आणि मग शेजाऱ्याशी!

आपल्याकडे ही गोष्ट अनोळखी नव्हती. कलेचा खरा रसिक तो ‘सहृदय’, असे संस्कृत काव्यशास्त्र हजार वर्षांपूर्वीपासून सांगत आले आहे. त्याहून जुन्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर आठ ‘सात्त्विक भाव’ दिले आहेत. ते नटासाठी सांगितलेले आहेत, पण डॉक्टरने वाचले तर तो चकित होतो. स्तंभ म्हणजे जागीच थिजणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच म्हणजे अंगावर काटा, स्वरभंग म्हणजे आवाज फुटेनासा होणे, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू, आणि प्रलय म्हणजे भान हरपणे. यातले बहुतेक सगळे आपल्या इच्छेवर अवलंबून नसलेल्या मज्जासंस्थेचे काम आहे. तिला आम्ही स्वायत्त मज्जासंस्था म्हणतो. हृदयाची धडधड, आतड्यांची हालचाल, घामाच्या ग्रंथी हे सारे तीच सांभाळते. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आखडतो. थंडी वाजली, भीती वाटली तरी तोच आखडतो आणि आर्त स्वर कानी पडला तरी तोच. म्हणूनच ‘रडू नका’ असे सांगून कोणाचे रडे थांबत नाही. घाम येऊ देऊ नका असे सांगण्यासारखेच ते आहे.

आता मुख्य प्रश्न. गाण्यात कोणी खरोखर मेलेले नसते, कोणी आपल्याला सोडून गेलेले नसते. मग शरीर का हलते?

पहिले कारण आवाजाचे आहे. दुःखी माणसाचे बोलणे आठवून पाहा. तो सावकाश बोलतो, खालच्या पट्टीत बोलतो, आवाजात जोर नसतो, शब्दांमध्ये थांबतो, मध्येच स्वर कापतो. करुण गाण्यात नेमके हेच असते. स्वीडनमधील पॅट्रिक युसलिन आणि पेट्री लौक्का या संशोधकांनी २००३ मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून दाखवले की बोलण्यातून आणि वादनातून भावना व्यक्त होण्याच्या खुणा बऱ्याच अंशी सारख्याच असतात. लग्नातली सनई सकाळपासून वाजत असते, तिकडे कोणाचे लक्ष नसते. पाठवणीच्या वेळी ती संथ होते आणि मांडवातले निम्मे लोक रुमाल शोधू लागतात. सनई वाजते आहे हे कानाला कळते; पण मेंदूच्या जुन्या भागाला कोणीतरी हुंदके देत आहे असेच वाटते.

ही देणगी जन्मतःच असते. प्रसूतिगृहात ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना माहीत असेल, एक तान्हे रडू लागले की शेजारच्या पाळण्यातलेही सूर धरते. यावर प्रयोग झालेले आहेत. नवजात बाळाला दुसऱ्या बाळाचे रडणे ऐकवले तर ते अस्वस्थ होते. त्याच्या स्वतःच्याच रडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले तर तितके होत नाही. दोन दिवसांच्या जिवाला आपले आणि परक्याचे कळते, आणि परक्याचे अधिक लागते! भाषा तर पुष्कळ नंतर येते. कॅमेरूनच्या डोंगराळ भागातील माफा जमातीच्या ज्या लोकांनी पाश्चात्त्य संगीत कधी ऐकलेच नव्हते, त्यांना जर्मन संशोधकांनी ते ऐकवले. आनंदी कोणते, दुःखी कोणते, भीतीचे कोणते, हे त्यांनी निव्वळ अंदाजाने जमेल त्यापेक्षा बऱ्याच अधिक वेळा बरोबर ओळखले. हा अभ्यास २००९ चा आहे.

दुसऱ्याचे दुःख आपल्या मेंदूत कुठे उमटते, हे पाहण्याचा एक नामांकित प्रयोग २००४ मध्ये लंडनला झाला. टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी सोळा जोडप्यांतील स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. कधी तिच्या हाताला विजेचा हलका चटका, कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला. चटका त्याला बसणार अशी खूण दिसली तरी तिच्या मेंदूतील ‘इन्सुला’ आणि ‘सिंग्युलेट’ हे भाग जागे होत. चटका स्वतःला बसतानाही तेच भाग जागे होत. मात्र नेमके कुठे आणि किती झोंबले हे नोंदवणारा भाग जोडीदाराच्या वेळी शांत असे. आपल्या मराठीत हे दोनच शब्दांत सांगता येते: दुखणे त्याचे, दुःख दोघांचे. ज्यांच्यात समानुभूती अधिक, त्यांच्या मेंदूतील ही हालचालही अधिक होती.

याच संदर्भात ‘आरसा पेशीं’चे नाव वाचकांनी वाचले असेल. इटलीतील पार्मा येथे १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूत त्या सापडल्या. स्वतः शेंगदाणा उचलताना आणि दुसऱ्याला उचलताना पाहूनही त्या काम करतात. शोध मोठा, यात शंका नाही. पण माणसाची माया, ममता, अश्रू हे सारे त्या पेशींनी उलगडले असे जे छापून येते त्यावर माझा तितका विश्वास नाही. माकडाच्या शेंगदाण्यापासून माणसाच्या गहिवरापर्यंत बरेच अंतर आहे.

दुसरे कारण आठवणीचे. एखाद्या गाण्यात आपले कोणीतरी बसलेले असते. आमच्या पिढीच्या आया पहाटे जात्यावर बसत आणि दळता दळता ओव्या म्हणत. मांडीवर डोके ठेवून पडलेल्या पोराच्या कानात जात्याची घरघर आणि आईचा आवाज एकदमच जाई. आज साठीच्या माणसाला कुठे ओवी ऐकू आली तर त्याला ओवी ऐकू येत नाही, आई ऐकू येते. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चालले. त्या वेळी लहान असलेले लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी येते ते किती रामासाठी आणि किती त्या रेडिओभोवती बसलेल्या आपल्या माणसांसाठी, हे त्यांनाही सांगता येणार नाही. अशा अश्रूंना औषध नाही आणि त्याची गरजही नाही.

आता तिसरी गोष्ट, जी पेशंटांना सगळ्यांत विचित्र वाटते. "रडूही येतं आणि तेच गाणं पुन्हा लावावंसंही वाटतं, हे कसं?" कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २०११ मध्ये आठ जणांना त्यांच्या आवडीचे, अंगावर काटा आणणारे संगीत ऐकवून मेंदूतील डोपामिन या रसायनाचा मागोवा घेतला गेला. भुकेल्या माणसाला जेवण समोर आल्यावर मेंदूतल्या ज्या यंत्रणेत आनंदाची लाट उसळते, तीच यंत्रणा येथेही कामाला लागली होती. आणखी मजेची गोष्ट अशी की लाट दोनदा येते. परमोच्च क्षणी येते, आणि तो क्षण येणार येणार म्हणून वाट पाहतानाही, पण मेंदूच्या निराळ्या भागात. मैफलीत बसणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गवई समेकडे येऊ लागला की आपण मान उचलून वाट पाहू लागतो आणि सम सापडली की ‘वा!’ निघून जातो. वाट पाहण्याचा आनंद वेगळा, मिळण्याचा वेगळा.

करुण गाण्यात दुःख सारे असते, फक्त नुकसान नसते. म्हणून ते सोसवते. फिनलंडमधील व्हुओस्कोस्की आणि एरोला यांच्या अभ्यासांत असे आढळले की दुःखी संगीत आवडणारी माणसे खचलेली असतात असे नाही. ज्यांच्यात समानुभूती जास्त, त्यांना ते अधिक भिडते आणि अधिक आवडते. त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभरावर लोकांना एक अनोळखी, शब्द नसलेली रचना ऐकवली होती. शब्द नाहीत, जुनी आठवण नाही, तरीही समानुभूती अधिक असलेल्यांना ती हलवून गेली. तेव्हा गाण्याने डोळे भरणाऱ्या बापाला हसणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. १९६२ च्या युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी हुतात्मा जवानांवरचे ते प्रसिद्ध गाणे गायले, तेव्हा पंडित नेहरूंचेही डोळे पाणावले होते. त्याची चाल आपल्या नगर जिल्ह्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांची.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाण्याला रडणारा प्रत्येक जण मायाळू असतो असे नाही. कीर्तनात पदराने डोळे टिपणारी सासू घरी आल्यावर तापाने फणफणलेल्या सुनेला भाकऱ्या थापायला बसवते, हेही मी पाहिले आहे. मानसशास्त्रज्ञ यात दोन भाग करतात. दुसऱ्याचे दुःख पाहून आपणच अस्वस्थ होणे हा एक, आणि त्याच्यासाठी काही करावेसे वाटणे हा दुसरा. पोराला इंजेक्शन देताना काही बाप चक्कर येऊन खुर्चीत बसतात; पोराला धरायला शेवटी आजीच लागते. बापाला माया कमी नसते, पण त्याचा सगळा जीव स्वतःला सावरण्यातच गुंतलेला असतो. गाण्यातले अश्रू पुष्कळदा या पहिल्या जातीचे असतात.

एकत्र गाण्याचा परिणाम याहून थोडा पुढे जाणारा दिसतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २०१३ मध्ये समूहगान करणाऱ्या मुलामुलींच्या हृदयाचे ठोके नोंदवले, तेव्हा ते एकाच वेळी कमी-जास्त होताना दिसले. यात चमत्कार नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. सगळे एकाच ओळीवर श्वास घेऊ लागले की हृदयेही त्याच तालावर येतात. जर्मनीत चार वर्षांच्या मुलांना जोडीजोडीने एकत्र गायला-नाचायला लावले, तर नंतर ती एकमेकांना अधिक मदत करताना आढळली. एकादशीला टाळ घेऊन उभ्या राहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. याउलट मिरवणुकीतल्या डीजेने छातीत जे धडधडते त्याला कोणी भावना समजू नये. मोठ्या आवाजाने मेंदूचा खालचा भाग दचकतो, एवढेच ते असते, आणि त्यात कान जातात.

आता आजाराकडे वळू. दोन वर्षांपूर्वी जवळच्या गावचे एक साठीचे शेतकरी माझ्याकडे आणले गेले. चार महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारे गेले होते. चालू लागले होते, पण भजनाचा नुसता टाळ वाजला तरी हुंदके देऊन रडत. मुलगा म्हणाला, "आबांना फार त्रास होतो, म्हणून आम्ही रेडिओ बंद केला. भजनी मंडळाच्या लोकांनाही सांगितलं, घरी येऊ नका." मी त्यांनाच विचारले, "आबा, रडता तेव्हा आत वाईट वाटतं का?" त्यांनी डाव्या हाताने ‘नाही’ अशी खूण केली. मग अडखळत म्हणाले, "बरं वाटतं... पण रडं थांबत नाही." मुलाला अधिक विचारल्यावर कळले की ते टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीलाही रडत आणि एकदा शेजारी कोणी गेल्याचे ऐकून हसले होते. घरात त्यावरून भांडणही झाले होते.

याला दुःख म्हणत नाहीत. रडण्या-हसण्याची यंत्रे मेंदूच्या खालच्या भागात असतात आणि वरून त्यांना लगाम असतो. अर्धांगवायूत कधी कधी तो लगाम तुटतो. मग गाड्याला थोडा धक्का लागला तरी तो उतारावरून सुटतो. रडे अचानक येते, प्रसंगाच्या मानाने फार मोठे असते, एक-दोन मिनिटांत संपते आणि आतल्या भावनेशी त्याचा मेळ नसतो. डोक्याला जबर मार लागल्यावर किंवा मेंदूच्या इतर काही आजारांतही असे होते. यावर औषध आहे. नैराश्यावर वापरतात त्याच वर्गातली गोळी कमी मात्रेत पुष्कळांना लागू पडते, आणि परिणामही बऱ्याचदा लवकर दिसतो. आबांना मज्जाविकार तज्ज्ञांच्या सल्ल्याने ती सुरू केली. महिन्याभरात रडे पुष्कळ कमी झाले. रेडिओ मात्र मी पहिल्याच दिवशी सुरू करायला लावला होता. हेलसिंकी येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्धांगवायूच्या ज्या पेशंटांनी पहिले दोन महिने रोज तासभर आवडीचे संगीत ऐकले, त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा चांगली सुधारली आणि ते कमी उदास राहिले. ज्या माणसाला गाण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याच घरात मायेपोटी शांतता पाळली जात होती.

नैराश्याची खूण बहुधा उलटी असते. त्यात गाणे रडवत नाही. ते लागतच नाही. आवडीने पेटी वाजवणारी बाई सांगते, "पेटीचं झाकण उघडावंसंच वाटत नाही, ऐकलं तर नुसता आवाज वाटतो." असे दोन आठवडे किंवा जास्त राहिले, जोडीला झोप उडाली, भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असे मनात येऊ लागले, तर तो हळवेपणा नव्हे, आजार आहे आणि बरा होणारा आहे. रात्री कानाला हेडफोन लावून तेच ते दुःखी गाणे पन्नास वेळा ऐकणाऱ्या तरुण मुलामुलींबाबतही सावध राहावे. त्यांना ओरडू नये, मोबाइल हिसकावू नये. एवढेच विचारावे की गाणे संपल्यावर हलके वाटते की अधिक जड? आधीच निराशेकडे झुकलेल्या, त्याच त्या विचारांत घोळत राहणाऱ्या मनाला करुण संगीत कधी कधी आणखी खाली ओढते. उत्तर ‘जड’ असे येत असेल तर डॉक्टरांकडे आणावे. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते.

ज्यांना कोणतेच गाणे ऐकून काही होत नाही, अशांनी घाबरू नये. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की काही थोड्या निरोगी माणसांना संगीतातून आनंदच मिळत नाही. इतर गोष्टींचा मात्र व्यवस्थित मिळतो. ती दगडाच्या काळजाची नसतात. माझे एक व्यवसायबंधू असे आहेत. मैफलीत हमखास झोपतात, आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीसाठी पहिल्या हाकेला उठतात.

रडण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येताना घरच्यांनी थोडी माहिती टिपून आणावी. हे कधीपासून होते आहे, त्याआधी अर्धांगवायू, डोक्याला मार किंवा जवळच्या कोणाचा मृत्यू झाला होता का, रडे किती वेळ टिकते, नको तिथे हसू येते का, झोप आणि जेवण कसे आहे, आणि कोणती औषधे चालू आहेत. गोळ्यांची पाकिटेही सोबत आणावीत. पेशंटशी आम्हाला दोन मिनिटे एकट्याने बोलू द्यावे; मुलासमोर बाप ‘काही नाही, डोळ्यांत कचरा गेला’ असेच सांगतो.